ब्रीडरकडे पिल्लाचं टोकन भरताय? पैसे पाठवायच्या आधी काय बघायचं, काय लिहून घ्यायचं

पिल्लू घ्यायचं घरात ठरलं की मग कोणालाच दम निघत नाही. पोरांनी नाव ठरवून ठेवलेलं असतं, आई म्हणते चवथीच्या आधी आणा, आणि तेवढ्यात ब्रीडरचा, म्हणजे पिल्लं काढून विकणाऱ्याचा, व्हॉट्सॲप येतो की दोनच पिल्लं शिल्लक आहेत, आज टोकन टाका नायतर संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय. मग जीपे उघडायचं, पाच हजार पाठवायचे, खाली अंगठ्याचा इमोजी, झालं बुकिंग. पण कशाचं बुकिंग, कुठल्या पिल्लाचं, पिल्लू नाय मिळालं तर पैशांचं काय, यातलं एक अक्षर कुठे लिहिलेलं नसतं. गोव्यात आमच्या फोंडा-डिचोलीकडे कोणी पिल्लू घेणार असेल तर बरेच जण मला विचारतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आधी हे सांगतो की टोकन मागणारा प्रत्येक ब्रीडर चोर नसतो. चांगला ब्रीडर टोकन मागणारच, कारण एकदा तुमच्या नावावर पिल्लू ठेवलं की तो बाकीच्यांना नाही म्हणतो, आणि तुम्ही ऐनवेळी मागे फिरलात तर ते पिल्लू तीन-साडेतीन महिन्यांचं होऊन त्याच्याकडेच राहतं, मग त्याला गिऱ्हाईक मिळणं अवघड, वर खाणं आणि लसी त्याच्याच अंगावर. तेव्हा टोकन द्यायला माझा विरोध नाही. फक्त सगळं बोलणं पैसे जायच्या आधी व्हायला पाहिजे आणि लेखी व्हायला पाहिजे, कारण पैसे गेल्यावर तुमचं म्हणणं ऐकायची समोरच्याला काही गरजच राहत नाही.

किती द्यायचं? माझ्या मते किमतीच्या दहा टक्क्यांपासून फार तर वीस टक्क्यांपर्यंत. म्हणजे समजा लॅबचं (लॅब्राडोरचं) पिल्लू पंचवीस हजाराला ठरलं तर अडीच ते पाच हजार. अर्धी रक्कम आधी मागणारे असतात, पूर्ण मागणारे पण असतात, त्यांना सरळ सांगायचं की बाकी पैसे पिल्लू हातात घेताना, तिथल्या तिथे. ज्याला हे चालत नाही त्याच्याकडून घेऊ नका, दुसरा मिळतो. आणि टोकन हे किमतीतूनच वजा होणार का, हे पण आधीच विचारा, कारण टोकन वेगळं आणि किंमत वेगळी असं शेवटच्या दिवशी ऐकवणारे लोक आहेत.

आता टोकन कधी द्यायचं, कारण सगळी गंमत यात आहे. कुत्रीच्या गाभणपणाचे दिवस साधारण ६३ असतात. काही ब्रीडर मेटिंग झाल्याझाल्या बुकिंग सुरू करतात, तेव्हा तुम्ही भरता ते फक्त यादीतल्या नंबरासाठी, पिल्लासाठी नाही. कुत्री गाभण राहिली की नाही हे सोनोग्राफीत साधारण महिन्याभराने कळतं आणि पिल्लं किती आहेत याचा अंदाज शेवटच्या आठवड्यात एक्स-रे काढला तर येतो, तोही अंदाजच. म्हणून इतक्या लवकर पैसे द्यायचेच असतील तर अगदी थोडे द्या आणि विचारून घ्या की माझा नंबर कितवा, नर पाहिजे की मादी ते धरलंय का, आणि माझ्या नंबरापर्यंत पिल्लं पुरली नाहीत तर पैसे परत की पुढच्या लिटरला, म्हणजे पुढच्या विणीच्या पिल्लांना, वळते. वळते करायचे की नाही हे तुम्ही ठरवायचं, त्याने नाही. आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते, नराच्या मालकाला मेटिंगच्या बदल्यात एक पिल्लू द्यायची पद्धत आहे आणि बऱ्याच वेळा पहिलं निवडायचा हक्क त्याचा असतो, एखादं पिल्लू ब्रीडर स्वतः पण ठेवतो. म्हणजे तुमचा नंबर दुसरा असं सांगितलं तरी प्रत्यक्षात तो चौथा असू शकतो. हे विचारलं की खरं सांगतात, नाही विचारलं तर आपणहून कोणी सांगत नाही.

मला विचाराल तर पिल्लं पाच-सहा आठवड्यांची झाल्यावर जाऊन बघायची आणि तेव्हाच टोकन द्यायचं. तोपर्यंत ती पळायला लागलेली असतात, कोण धीट, कोण भित्रं, कोण खायला पुढे, सगळं दिसतं, आणि घरी न्यायला जेमतेम दोन-तीन आठवडे उरलेले असतात त्यामुळे पैसे पण फार दिवस अडकत नाहीत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचंच नाही असं कायद्यात आहे, केंद्र सरकारचे कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीचे २०१७ चे नियम आहेत त्यात. तरी सुद्धा ३०-३५ दिवसांचं पिल्लू "खायला लागलंय, न्या" म्हणून देतात, कारण जितके दिवस कमी तितका त्यांचा खर्च कमी. आईपासून आणि भावंडांपासून इतक्या लवकर तोडलेलं पिल्लू चावरं होतं, घाबरट होतं, आणि लसीच्या आधीच तुमच्या घरी येतं. तेव्हा टोकन देताना जन्मतारीख लिहून घ्या आणि न्यायची तारीख ५६ दिवसांच्या पुढचीच ठरवा.

बघायला जाणं टाळू नका. गोव्यातला ब्रीडर असेल तर काणकोण ते पेडणे म्हटलं तरी एका दिवसाचं काम आहे, बेळगाव-कोल्हापूरचा असेल तरी सकाळी लवकर निघून रात्री परत येता येतं. पुणे, बेंगळुरूचा असेल आणि जाणं जमतच नसेल तर तिथला कोणी ओळखीचा माणूस पाठवा, तेही नाही जमलं तर व्हिडीओ कॉल, पण आधी रेकॉर्ड केलेला व्हिडीओ नाही, चालू कॉल, आणि कॉलवर सांगायचं की आई दाखवा, आता पिल्लांना तिच्याजवळ सोडा. आई बघणं सगळ्यात महत्त्वाचं. पिल्लांना दूध पाजणाऱ्या कुत्रीची आचळं ओघळलेली, भरलेली दिसतात, केस गळलेले असतात, थोडी उतरलेली असते, आणि पिल्लं सोडली की तिच्याकडेच धावतात. छान गुबगुबीत, सपाट पोटाची कुत्री दाखवून ही आई म्हणत असेल तर पिल्लं दुसरीकडून आणून विकतोय हे समजून जा. "आई फार्मवर आहे", "आई चावते म्हणून बांधलीय" हे ऐकलं तरी टोकन खिशातच ठेवा. चावणाऱ्या आईचं पिल्लू तसं पण नको आपल्याला.

आणि तिथे गेल्यावर जागेचा वास घ्या, खरंच सांगतो. आपल्याकडे पावसात चार महिने काहीच सुकत नाही, तिथे पिल्लं ओल्या फरशीवर, ओल्या गोणपाटावर असतील तर कातडीचे आजार आणि गोचिडी ठरलेल्या. कानाच्या मागे, पायाच्या बोटांच्या मधे बोट फिरवून बघा, गोचीड तिथेच लपते, आणि गोचीड तापाने कुत्री किती हैराण होतात हे गोव्यात कुत्रा पाळणाऱ्या कोणालाही विचारा. पोट फुगलेलं आणि बाकी अंग बारीक म्हणजे जंत. शेपटीखाली ओलं, चिकट असेल तर जुलाब. यातलं काही दिसलं तर त्या दिवशी टोकन देऊ नका, आठवड्याने परत या.

कागदपत्रांत तीन गोष्टी मागा आणि तिन्हींचे फोटो काढून ठेवा. पहिलं म्हणजे ब्रीडरचं रजिस्ट्रेशन. २०१७ च्या नियमांप्रमाणे राज्याच्या ॲनिमल वेल्फेअर बोर्डाकडे नोंदणी लागते, सर्टिफिकेटवरचं नाव आणि मुदत दोन्ही वाचा. त्याच नियमांत असं पण आहे की कुत्री दीड वर्षाची झाल्याशिवाय तिची पिल्लं काढायची नाहीत, वर्षातून एकदाच, आणि आयुष्यात पाच वेळांपेक्षा जास्त नाही. म्हणून सहज गप्पांत विचारा की हिचं मागचं लिटर कधीचं होतं. सहा-आठ महिन्यांपूर्वीचं म्हणाला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

दुसरं केसीआय पेपर, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी. पेपरवालं पिल्लू म्हणून जास्त पैसे मागत असेल तर आई आणि बाप दोघांच्या सर्टिफिकेटचे फोटो टोकनच्या आधी बघायचे, मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा) नंबर त्यावर असतो. "पेपर मागाहून कुरिअर करतो" हे वाक्य फार चालतं. पेपर यायला वेळ लागतो हे खरं आहे, पण मग त्याचे जास्तीचे पैसे पण मागाहूनच. आणि पेपर म्हणजे तब्येतीची हमी नव्हे, तो फक्त वंशाचा कागद आहे. लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याचा त्रास येतो, तिथे आईबापाचे खुब्याचे एक्स-रे काढलेत का हा प्रश्न पेपरापेक्षा जास्त कामाचा.

तिसरं लसीचं बुक, आणि हे नीट उघडून बघा. लस दिली की डॉक्टर बाटलीवरचं स्टिकर सोलून बुकात चिकटवतात, त्यावर लसीचं नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी असते, बाजूला तारीख, सही आणि डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर असलेला शिक्का. स्टिकर नाही, नुसतं पेनाने "डीएचपी डन" (डिस्टेंपर, पार्व्हो अशा आजारांची लस झाली) लिहिलंय, तर ती लस झाली असं धरू नका. तारीख जन्मतारखेशी जुळवून बघा, पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास होते, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, रेबीजची तीन महिन्यांला. वीस दिवसांच्या पिल्लाला सगळ्या लसी झाल्या असं बुकात लिहिलेलं असेल तर ते बुक घरी बसून भरलेलं आहे. शिक्क्यावरच्या डॉक्टरांना फोन करायला लाजू नका, एका मिनिटात कळतं.

आता लिहून घ्यायचं काय. स्टॅम्पपेपर वगैरे काही लागत नाही, व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाका आणि समोरून उत्तर येईपर्यंत पैसे पाठवू नका. असा काहीतरी मेसेज:

"दादा, आज ठरल्याप्रमाणे लॅब, मादी, पिवळी, गळ्यात लाल रिबन, जन्म अमुक तारखेचा, एकूण किंमत २५,००० रुपये केसीआय पेपर आणि मायक्रोचिप धरून. त्यापैकी ४,००० टोकन आज देतोय, हे किमतीतून वजा होतील, बाकी २१,००० पिल्लू घेताना. अमुक तारखेनंतर, पहिली लस झाल्यावर घेऊन जाणार. त्याआधी पिल्लू आजारी पडलं, दगावलं किंवा तुम्ही दुसऱ्याला दिलंत तर पूर्ण ४,००० सात दिवसांत परत. मी कारण नसताना रद्द केलं तर २,००० तुम्ही ठेवायचे, २,००० परत. बरोबर असेल तर हो म्हणून कळवा."

एवढंच. यावर "हो" आलं की तुमचं काम झालं. बहुतेक चांगले ब्रीडर लगेच हो म्हणतात, कारण त्यांना पण उद्या कटकट नको असते. जो म्हणतो "एवढं काय लिहायचं, आपला शब्द आहे ना" त्याला हसून म्हणा शब्दच लिहायचाय. आणि तरी तो टाळत असेल तर पैसे देऊ नका. रिबनचा रंग, डोक्यावरचा ठिपका, पंजाचा पांढरा डाग, जे काही ओळखीचं असेल ते लिहिणं गरजेचं आहे, नायतर पिवळ्या लॅबची सात पिल्लं सारखीच दिसतात आणि तुम्ही निवडलेलं पिल्लू दुसऱ्याच्या घरी जातं. फोटो पण त्याच दिवशीचा काढा, वरून एक, तोंडाचा एक.

मी रद्द केलं तर थोडे पैसे त्याने ठेवायचे हे मी मुद्दाम लिहिलंय, ते न्याय्य आहे. त्याने तुमच्यासाठी जागा धरली होती. पण "नॉन-रिफंडेबल" म्हणून सगळंच गिळायचं हे मला पटत नाही, आणि कायद्याचं पण असंच आहे की करार मोडला तर वाजवी भरपाई, १८७२ च्या करार कायद्यातलं कलम ७४ त्याबद्दल आहे. पिल्लू त्याच्याच चुकीने मिळालं नाही तर एक रुपया पण त्याच्याकडे राहायला नको. आमच्या ओळखीतल्या एका घरी असंच झालं होतं, पिल्लू पार्व्होने, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या आजाराने, गेलं, ब्रीडर म्हणाला पैसे परत नाय, पुढच्या लिटरचं घ्या, आणि पुढचं लिटर वर्षभराने. त्यांच्याकडे लेखी काही नव्हतं, त्यामुळे वाद घालायला पण जागा नव्हती. मुलगी दोन दिवस जेवली नाही त्या पिल्लासाठी, ते वेगळंच.

पैसे पाठवताना यूपीआयवर जे नाव दिसतं ते वाचा. ब्रीडर एक, नाव दुसऱ्याचंच, असं असेल तर थांबा आणि विचारा. नोटमध्ये "पिल्लू टोकन" आणि तारीख टाका, स्क्रीनशॉट ठेवा. कॅश दिली तर साध्या कागदावर पावती आणि सही. आणि पैसे मिळवायला कधीच पिन टाकावा लागत नाही, "रिफंड पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" म्हणाला तर तो फ्रॉड आहे.

फ्रॉडचं थोडं वेगळं सांगतो कारण ते ब्रीडर नसतातच. ऑनलाइन हस्की आठ हजाराला, गोल्डन सहा हजाराला, फोटो इतके गोड की विचारू नका. आधी थोडं टोकन घेतात, मग सांगतात पिल्लू गाडीत बसलं, आता क्रेटचे पैसे, मग इन्शुरन्सचे, "डिलिव्हरीला परत मिळतील", मग चेकपोस्टवर अडकलंय त्याचे. दर वेळी रक्कम वाढते आणि पिल्लू कुठेच नसतं. फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघा, तोच फोटो चार ठिकाणी सापडतो. ब्रीडरला सांगा आजच्या वर्तमानपत्रासोबत किंवा तुमचं नाव लिहिलेल्या चिठ्ठीसोबत पिल्लाचा फोटो पाठव, खरा माणूस दोन मिनिटांत पाठवतो. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन लावा, सायबर फ्रॉडची हेल्पलाइन आहे, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत थांबवायची शक्यता जास्त.

टोकनच्या आधी घरचं पण बघून घ्या. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर मालकाची परवानगी आधी, पिल्लू आणल्यावर नाही. आणि जात बघा. गोवा मंत्रिमंडळाने २०२५ च्या जानेवारीत पिटबुल आणि रॉटवायलरवर बंदी घालायचं ठरवलं आणि त्याचं विधेयक पुढे विधानसभेतही आलं, त्यामुळे अशा कुठल्या जातीचा विचार असेल तर पणजीला पाटोवर पशुसंवर्धन खात्यात आजची परिस्थिती विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नका, बेळगावचा ब्रीडर तुम्हाला हे सांगणार नाही. हस्की, सेंट बर्नार्ड आपल्या मे महिन्यातल्या घामट हवेत आणू नका अशी माझी हात जोडून विनंती आहे. जातीचंच पाहिजे असा आग्रह नसेल तर कुडचड्याच्या गोवा ॲनिमल वेल्फेअर ट्रस्टसारख्या ठिकाणी गावठी पिल्लं घराची वाट बघत असतात, तिथे टोकनचा प्रश्नच नाही आणि ती आपल्या हवेत मस्त राहतात.

पिल्लू आणायच्या दिवशी घाई करू नका. बाकी पैसे द्यायच्या आधी टोकनच्या दिवशीचा फोटो उघडून पिल्लू तेच आहे ना बघा, चिपचा स्कॅनर फिरवायला सांगा, पंधरा आकडी नंबर दिसतो तो कागदावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. चिप विकायच्या आधी बसवायची हे पण त्याच नियमांत आहे. पिल्लाने तुमच्यासमोर खाल्लं पाहिजे, खेळलं पाहिजे. सुस्त पडलेलं असेल आणि "आत्ताच जेवून झोपलंय" म्हणत असतील तर तासभर थांबा, उठेल. घाटातून आणणार असाल, चोर्ला असो की आंबोली, तर पिल्लाने खाल्ल्याखाल्ल्या लगेच निघू नका, मधे वेळ जाऊ द्या, नायतर वळणांवर उलटी होते. लसी पूर्ण नसल्याने वाटेत कुठल्या धाब्यावर जमिनीवर सोडायचं नाही, टॉवेल आणि वर्तमानपत्र गाडीतच ठेवा.

घरी आल्यावर दोन दिवसांच्या आत आपल्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या. पार्व्होची लक्षणं लागण झाल्यावर साधारण तीन ते सात दिवसांनी दिसतात, कधी त्याहून उशिरा, म्हणजे तुम्ही आणलं तेव्हा पिल्लू हसतं-खेळतं असलं तरी आजार ब्रीडरकडचाच असू शकतो. म्हणून टोकनच्या मेसेजमध्ये आणखी एक वाक्य जमवता आलं तर बघा, की पहिल्या दहा दिवसांत पार्व्हो किंवा डिस्टेंपर निघाला आणि डॉक्टरांचा रिपोर्ट असला तर उपचाराचा खर्च किंवा पिल्लाची किंमत तो देईल. सगळे मानत नाहीत, पण मागायला काय जातं, आणि जो मानतो त्याला आपल्या केनेलवर विश्वास आहे एवढं तरी कळतं.

आणि ठरलेलं असूनही पैसे परत देत नसेल तर आधी त्याच मेसेजला उत्तर देऊन तारीख टाकून मागा, फोनवर भांडत बसू नका. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तरी हलला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, उत्तर आणि दक्षिण गोव्याचे वेगवेगळे आहेत, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, तक्रार ऑनलाइन पण करता येते, वकील असलाच पाहिजे असं काही नाही, फक्त दोन वर्षांच्या आत करा. तिथे मेसेज, स्क्रीनशॉट, बुकाचे फोटो आणि डॉक्टरांच्या त्या दोन ओळी एवढंच लागतं.